रिपोर्टमध्ये एवढे ‘आर’ कशामुळे?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या आहेत, त्यांना मधुमेह आहे. गेल्या वर्षभरात त्यांना तीनदा उन्हाळी लागली. पहिल्या वेळी घराजवळच्या मेडिकलमधून नॉरफ्लॉक्सासिन आणलं. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. दुसऱ्या वेळी त्याच गोळ्यांनी गुण आला नाही, मग सेफिक्झिम घेतलं. मध्यंतरी खोकल्यासाठी अझिथ्रोमायसिनही झालं. आता तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला लावलं. त्यात ‘ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असं आलंय आणि दहापैकी सहा औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) आहे. त्यातलं जेंटामायसिन आणि को-ट्रायमॉक्साझोल तर त्यांनी कधी घेतलेलंही नाही. त्यांच्या शरीराला औषधांची सवय झाली का? मेडिकलवाले म्हणतात, ‘हाय पॉवर’ची गोळी देतो. डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन दिलंय. पण त्याच्यापुढे ३२ आकडा आहे आणि सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ४. मग कमी आकड्याचं औषध का दिलं नाही? घरात माझी चार वर्षांची मुलगी आहे, तिला हे लागेल का? आणि सेफिक्झिमच्या चार गोळ्या उरल्यात, त्या ठेवू का?
— एक सून, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, आधी तातडीचं. डॉक्टरांनी दिलेलं औषध योग्य आहे, ते आजच सुरू करा. नायट्रोफ्युरँटॉइनचा नेहमीचा डोस म्हणजे १०० मिलिग्रॅमची हळूहळू विरघळणारी गोळी किंवा कॅप्सूल, दिवसातून दोनदा, पाच दिवस. चिठ्ठीत वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठीप्रमाणे चाला. गोळी जेवणानंतर घ्यायची. त्याने मळमळ कमी होते आणि औषध शरीरात जास्त शोषलं जातं. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होईल, त्याला घाबरू नका.

एक मात्र डॉक्टरांना विचाराच : सासूबाईंचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं होतं? हे औषध किडनीतून गाळलं जाऊन लघवीत साठतं आणि तिथेच काम करतं. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआर, ४५ च्या खाली असेल तर ते लघवीत पुरेसं उतरत नाही आणि शरीरात साठून त्रास देऊ शकतं, म्हणून डॉक्टर ते सहसा टाळतात. रक्तात आणि किडनीच्या मांसल भागात ते फार कमी पोचतं, त्यामुळे वर किडनीपर्यंत चढलेल्या संसर्गावर त्याचा उपयोग नाही. थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगडीखाली एका बाजूला दुखू लागलं, उलट्या झाल्या, किंवा सासूबाई अचानक असंबद्ध बोलू लागल्या, तर पाच दिवस संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी इंजेक्शनं लागतात.

आता ‘सवय’. झोपेच्या गोळीची शरीराला सवय होते, तंबाखूची होते. प्रतिजैविक (अँटिबायोटिक) शरीरावर काम करतच नाही, ते जंतूवर करतं. सवय सासूबाईंच्या शरीराला झाली असती, तर कधीच सेफिक्झिम न घेतलेल्या माणसाला ते नक्की लागू पडलं असतं. तसं होत नाही. हाच जंतू उद्या दुसऱ्या कुणाच्या मूत्राशयात शिरला, तर त्यालाही सेफिक्झिमने गुण येणार नाही. बदललाय तो जंतू, आणि तो बदल तो जाईल तिथे बरोबर नेतो.

लॅबमध्ये काय घडतं ते डोळ्यांसमोर आणलंत की रिपोर्ट वाचता येईल. लघवीतून वाढवलेले जंतू काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशीतल्या फिकट पिवळसर जेलीवर कापसाच्या बोळ्याने अंगण सारवावं तसे सगळीकडे सारवतात. जेलीची जाडी ४ मिलिमीटर. वर कागदाच्या ६ मिलिमीटरच्या टिकल्या ठेवतात, प्रत्येक टिकलीत एकेक औषध. बशी ३५ अंशांवर रात्रभर ठेवली की सकाळी जेलीवर जंतूंची पातळ साय धरलेली दिसते. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ गोल रिंगण राहतं, आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ईएसबीएलची खात्री करायला दोन टिकल्या लावतात : एकीत नुसतं सेफोटॅक्सिम, दुसरीत सेफोटॅक्सिम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. पहिलीच्या कडेपर्यंत साय आलेली असते, दुसरीभोवती रिंगण असतं. दोन्हींच्या व्यासात ५ मिलिमीटर किंवा अधिक फरक पडला की ‘पॉझिटिव्ह’. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड स्वतः जंतूला फारसं मारत नाही, ते फक्त जंतूच्या कात्रीत अडकून बसतं. ते घातल्यावर औषध चालायला लागलं, याचा अर्थ हा जंतू औषध कापणारी कात्री बनवत होता. ईएसबीएल म्हणजे हीच कात्री, एक एन्झाइम. सेफिक्झिम, सेफ्ट्रायॅक्सोन, सेफोटॅक्सिम या सगळ्यांच्या रेणूत एक चौकोनी कडी असते. जंतूच्या दोन आवरणांमधल्या फटीत हे एन्झाइम ती कडी तोडतं, आणि औषध लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच निकामी होतं.

टिकल्यांऐवजी मशीनवर तपासणी केली की आकडे येतात, तुमच्या रिपोर्टमध्ये आलेत तसे. जंतूची वाढ थांबवायला दर मिलिलीटरला कमीत कमी किती मायक्रोग्रॅम औषध लागलं, तो हा आकडा. मात्र प्रत्येक औषधाची फूटपट्टी वेगळी असते. ई. कोलायसाठी, म्हणजे सासूबाईंच्या लघवीत सापडलेल्या जंतूसाठी, सिप्रोफ्लॉक्सासिनला ०.२५ पर्यंत ‘एस’ (सेन्सिटिव्ह, म्हणजे औषध चालतं) म्हणतात, १ पासून पुढे ‘आर’. म्हणजे तुमचा ४ हा ‘आर’च्या रेषेच्याही चौपट पुढे गेलाय. नायट्रोफ्युरँटॉइनला ३२ पर्यंत ‘एस’ असतं, कारण लघवीत ते त्याहून कितीतरी जास्त साठतं. फॉस्फोमायसिन या उन्हाळीवरच्या दुसऱ्या औषधाला तर ६४ पर्यंत. दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून लहान-मोठं ठरवायचं नाही, पुढचं अक्षर बघायचं. याच कारणाने ‘हाय पॉवर’ या शब्दाला इथे अर्थ नाही. औषधांची अशी शिडी नसते की एक पायरी वर चढलं की काम फत्ते. कात्री बनवणाऱ्या जंतूला सेफिक्झिमऐवजी त्याच जातीचं महागडं औषध दिलंत, तर तेही कापलं जाईल.

मग जंतूने हे सगळं मिळवलं कुठून? इथे दोन वाटा आहेत, आणि तुमच्या सासूबाईंच्या रिपोर्टमध्ये दोन्हींच्या खुणा दिसतात.

पहिली वाट चुकांची. अनुकूल वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांत एकाचे दोन होतात. आठ तासांत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे १ कोटी ६७ लाख. प्रत्येक वेळी त्यांना आपली जनुकं उतरवून काढावी लागतात आणि लाखो प्रतींत कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका बिनकामाच्या किंवा जंतूलाच घातक असतात. क्वचित एखादी अशी पडते की औषध ज्या जागी चिकटायचं ती जागाच बदलते. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रो जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या एन्झाइमला धरतात. त्या एन्झाइमच्या साखळीतला ८३ वा दुवा बदलला की पकड सैल होते. एका बदलाने जंतू पूर्ण निर्धास्त होत नाही, पण त्याला मारायला पूर्वीच्या कित्येक पट औषध लागतं. दुसरा, तिसरा बदल साठला की गोळी हरते.

ही चूक औषधामुळे घडते, असा समज फार खोल रुतलेला आहे. १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या शास्त्रज्ञांनी जंतुभक्षक विषाणू वापरून दाखवलं की प्रतिकार करणारे जंतू हल्ल्याच्या आधीच तिथे असतात. १९५२ साली जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांनी मखमली कापड एका बशीवर दाबून त्याचा ठसा दुसऱ्या बशीवर उमटवण्याची युक्ती केली आणि औषधाचं तोंडही न पाहिलेल्या जंतूंमधून प्रतिरोधक जंतू वेगळे काढून दाखवले. औषध प्रतिकार शिकवत नाही, निवड करतं. बाकीचे मेले की मोकळी झालेली जागा आणि सगळं अन्न उरलेल्याचं.

हे समजलं की ‘अर्धवट डोस’ का वाईट, ते कळतं. जंतूला पहिला बदल झालेला असताना त्याला मारायला जेवढं औषध हवं, त्यापेक्षा कमी पडलं की नेमका तोच जगतो. आणि कमी पडायला गोळी चुकवावीच लागते असं नाही. नॉरफ्लॉक्सासिन आणि सिप्रो कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांना पोटातच चिकटून बसतात, मग रक्तात कमी जातात. या वयात बहुतेक बायकांच्या ताटाशेजारी कॅल्शियमची गोळी असते, कुणी अँटासिड घेतं, कुणी ‘गोळी गरम पडते’ म्हणून दुधाबरोबर घेतं. पुढे कधी या जातीचं औषध मिळालं, तर ते पाण्याबरोबर घ्या आणि दूध, ताक, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अँटासिड यांच्या निदान दोन तास आधी घ्या. दुकानातून परस्पर औषध आणलं की हे सांगणारं कुणी नसतं.

दोन दिवसांत गोळ्या सोडल्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं, कारण याबाबत दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. ‘जितके जास्त दिवस तितकं चांगलं’ हे खरं नाही. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला औषधानुसार एका डोसापासून पाच दिवसांपर्यंतचा काळ पुरतो. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी एकदाच घ्यायची असते. क्षयरोगाला मात्र महिनोन्‌महिने आणि एकाच वेळी अनेक औषधं लागतात, आणि तिथे मध्येच थांबणं अक्षरशः जिवावर बेततं. मुदत रोगागणिक, औषधागणिक ठरते, म्हणून ती डॉक्टरांनी लिहायची आणि तेवढी पाळायची. जळजळ थांबली म्हणजे जंतू संपले असं नाही. ते आटोक्यात आले की लक्षणं आधीच निवळतात.

दुसरी वाट देवघेवीची, आणि आजच्या काळात तीच जास्त धोक्याची. जंतूंकडे मुख्य जनुकसंचाशिवाय डीएनएची लहान वर्तुळं असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जंतू दुसऱ्याला नळीसारख्या धाग्याने जवळ ओढतो आणि प्लाझ्मिडची प्रत त्याला देतो. देणारा आणि घेणारा एकाच जातीचे असावेत असंही नाही. सासूबाईंच्या जंतूमधल्या कात्रीचं जनुक बहुधा सीटीएक्स-एम या कुळातलं असेल. भारतात ईएसबीएल ई. कोलायमध्ये तेच सर्वांत जास्त सापडतं. हे कूळ मुळात क्लुवेरा नावाच्या, सहसा कुणाला त्रास न देणाऱ्या जंतूंच्या जनुकसंचात होतं. तिथून ते उडी मारून प्लाझ्मिडवर आलं. त्यातला सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार २००१ साली दिल्लीतल्या नमुन्यांवरून पहिल्यांदा नोंदला गेला आणि आता जगभर पसरलाय.

न घेतलेल्या औषधांपुढे ‘आर’ का, याचं उत्तर इथेच आहे. प्लाझ्मिडवर कात्रीचं जनुक एकटं नसतं. जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्साझोल, टेट्रासायक्लिन यांना दाद न देणारी जनुकं बहुतेकदा त्याच वर्तुळात शेजारी शेजारी गुंफलेली असतात. एका औषधाने तो जंतू निवडला गेला की बाकीची सगळी शिदोरी त्याच्याबरोबर येते. सेफिक्झिम घेतलं आणि जेंटामायसिनही गेलं, ते असं.

ही निवड मूत्राशयात होते त्याहून जास्त आतड्यात होते. उन्हाळी लावणारे ई. कोलाय बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातून तिथे आलेले असतात. शौचाच्या एका ग्रॅममध्ये ते कोटींच्या संख्येने असू शकतात. घशासाठी, खोकल्यासाठी, जुलाबासाठी घेतलेली प्रत्येक गोळी या सगळ्यांवरून फिरते. अचानक सुरू झालेला, थोड्या दिवसांचा खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, तिथे अझिथ्रोमायसिन काहीच साधत नाही. उलट ते अंगात रेंगाळणारं औषध आहे, ते निम्म्याने कमी व्हायलाच ६८ तासांच्या आसपास लागतात. जुलाबासाठी घरोघरी डब्यात असणारी नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोलची गोळी तशीच. साध्या जुलाबाला ओआरएस हवं. रक्त पडत असेल किंवा जोराचा ताप असेल तर डॉक्टर. प्रतिजैविक घेतल्यावर प्रतिरोधक जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि ती उतरत उतरत वर्षभरापर्यंत टिकू शकते. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना गेल्या बारा महिन्यांत घेतलेल्या सगळ्या प्रतिजैविकांची नावं, तारखा आणि दिवस कागदावर लिहून न्या. हा रिपोर्टही जपून ठेवा.

नायट्रोफ्युरँटॉइन अजून का चालतं, तेही यातच आलं. ते जंतूच्या आत एकाच वेळी अनेक ठिकाणी मार करतं, त्यामुळे एका चुकीने जंतू सुटत नाही. पूर्ण सुटायला दोन जनुकं निकामी व्हावी लागतात, आणि तसा जंतू वाढीत मागे पडतो. शिवाय ते वरच्या आतड्यातच शोषलं जातं, खालच्या आतड्यातल्या जंतूंना फारसं छेडत नाही. रिपोर्टमध्ये मेरोपेनेमपुढे ‘एस’ असेल, पण ते रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांचं इंजेक्शन आहे. त्यालाही कापणारं एनडीएम-१ नावाचं एन्झाइम २००८ मध्ये, नवी दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या रुग्णात सापडलं. साध्या उन्हाळीसाठी मेरोपेनेम वापरणं योग्य नाही.

सासूबाईंनी गोळ्या सोडल्या म्हणूनच हे झालं, असं मात्र त्यांना बोलून दाखवू नका. असा जंतू पाण्यातून, अन्नातून, हातांवरून, रुग्णालयातून, कुठूनही आतड्यात येऊ शकतो, आणि प्रतिजैविक कधीच न घेतलेल्यांकडेही तो सापडतो. तो कायम राहतो असंही नाही. एवढं ओझं बाळगणं जंतूला जड जातं. औषधाचा मारा थांबला की साधे जंतू पुन्हा डोकं वर काढतात. कित्येक महिन्यांत बहुतेकांच्या आतड्यातून हा जंतू ओसरतो, काहींच्या वर्षाहून जास्त टिकतो. मध्ये घेतलेलं प्रत्येक अनावश्यक औषध हे घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं.

खरा फायदा वारंवार उन्हाळी लागण्याचं कारण शोधण्यात आहे. साखर आटोक्यात आहे का ते बघा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर टाकणारी गोळी चालू असेल तर बाहेरच्या अंगाला बुरशी होऊन खाज आणि जळजळ होते. ती उन्हाळीच वाटते, पण प्रतिजैविकाने वाढते. सोनोग्राफीत लघवी झाल्यावर मूत्राशयात किती लघवी उरते ते मोजायला सांगा. बद्धकोष्ठता असेल तर तिचा इलाज करा. पाळी गेल्यानंतर योनीतली त्वचा पातळ होते आणि तिथले राखणदार जंतू कमी होतात, त्यासाठी इस्ट्रोजेनचं मलम योनीत लावायला देतात. वारंवार होणाऱ्या संसर्गात त्याचा चांगला उपयोग होतो, पण या वयातल्या बायका संकोचाने विचारत नाहीत. तुम्ही विचारा. धण्याचं पाणी द्यायला हरकत नाही. त्याने जंतू मरत नाहीत, पण पाणी पोटात जातं, आणि हृदयाचं वा किडनीचं पथ्य नसेल तर तेच हवं आहे.

पुन्हा जळजळ झाली तर गोळी सुरू करण्याआधी कल्चरचा नमुना द्या. डेटॉल वगैरे वापरू नका, साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली १०-२० मिलिलीटर निर्जंतुक डबीत घ्या. डबीच्या आत बोट लावू नका. दोन तासांत लॅबमध्ये पोचवा. जमत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा (बर्फाच्या नाही) आणि चोवीस तासांच्या आत द्या. एकाचे कोटी होण्याचा हिशेब आठवतोय ना? दुपारभर टेबलावर राहिलेल्या डबीत हजाराचे लाख होतात आणि नसलेला आजार रिपोर्टमध्ये दिसतो. तीन-चार प्रकारचे जंतू एकदम आले तर बहुधा नमुना बिघडलाय, तो पुन्हा द्या. आणि त्रास काहीच नसताना ‘खात्री म्हणून’ कल्चर करू नका. मधुमेही बायकांच्या लघवीत लक्षणांशिवाय जंतू सापडणं सर्रास आहे. गर्भारपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया नसेल तर त्याला औषध द्यायचं नसतं.

तुमच्या मुलीची तपासणी करायची गरज नाही. हा जंतू घरातल्या इतरांच्या आतड्यात जाऊ शकतो, पण तिथे राहून तो सहसा आजार देत नाही. शौचाहून आल्यावर आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी साबणाने हात धुणं सगळ्यांनीच पाळा. आजीने नातीला जवळ घ्यावं, भरवावं. मुलीला कधी लघवीचा संसर्ग झाला किंवा ती रुग्णालयात दाखल झाली, तर ‘घरात ईएसबीएल आहे’ एवढं डॉक्टरांना सांगा.

सेफिक्झिमच्या चार गोळ्या ठेवू नका, आणि शेजारीही कुणाला देऊ नका. हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे. १ मार्च २०१४ पासून ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि दुकानदाराला रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. गोळ्या संडासात किंवा मोरीत टाकू नका, नाहीतर तीच निवड गटारातल्या जंतूंवर सुरू होते. मेडिकलवाले परत घेत असतील तर द्या. नाहीतर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवीत घट्ट बांधा आणि घरातल्या घातक कचऱ्यात टाका.